खिशातला सीझर

आपला पगार मोबाइलवर मेसेज होऊन येतो. त्याला ना वजन, ना खणखणाट! ऑगस्टसच्या काळात रोमन सैनिकाला वर्षाला २२५ दिनारिअस मिळायचे. चांदीचं, जेमतेम चार ग्रॅमचं नाणं. पण माझ्यासारखे लोक वेडे होतात ते त्यावरच्या चित्रांपायी. तेव्हा ना पेपर, ना टीव्ही. सत्तेला जे ऐकवायचं, ते थेट लोकांच्या थैलीत जाऊन पडायचं.

हे नाणं सुरू झालं इ.स.पू. २११च्या सुमारास, हॅनिबलशी युद्ध पेटलेलं असताना. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, दुसऱ्या बाजूला घोड्यांवर स्वार जुळे देव. रोमच्या टाकसाळीत जिवंत रोमन माणसाचा चेहरा मात्र चालायचा नाही. ती राजांची हौस, आणि रोमला ‘राजा’ या शब्दाचीच ॲलर्जी! इ.स.पू. ४४मध्ये ज्युलिअस सीझरचा चेहरा नाण्यावर झळकला. त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला.

पुढची गोष्ट भन्नाट आहे. मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने सैन्याच्या पगारासाठी स्वतःचा दिनारिअस पाडला. त्यावर दोन खंजीर, मधे मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली खुनाची तारीख. म्हणजे रोम स्वतंत्र झालं! आता नाणं उलटा. तिथे कोण? स्वतः ब्रूटस. जिवंत, नावानिशी.

हे नाणं आपल्या बजेटच्या पार बाहेर. आणि पैसा असला तरी कागदपत्रं बघाच. याच नाण्याची सोन्याची प्रत २०२०मध्ये लंडनला विक्रमी किमतीला विकली गेली. पूर्वमालकीचा इतिहास खोटा निघाला आणि २०२३मध्ये ती ग्रीसला परत गेली.

नवख्यांनी मार्क अँटनीकडे वळावं. क्लिओपात्रासोबत ऑगस्टसविरुद्ध उतरताना, इ.स.पू. ३२-३१मध्ये, त्याने सैन्यासाठी ढिगाने दिनारिअस पाडले. एकीकडे जहाज, दुसरीकडे गरुड आणि पलटणीचा नंबर. चांदी जरा कमी, म्हणून लोकांनी चांगली नाणी दडवली आणि हीच फिरवली. अँटनी हरला, मेला. त्याची नाणी पुढे दोनशे वर्षं बाजारात फिरत होती. म्हणूनच ती आज झिजलेली आणि त्यातल्या त्यात परवडणारी.

माझ्याकडचं एक असंच आहे. जहाजाची वल्ही अजून मोजता येतात. पलटणीचा नंबर मात्र कुणाकुणाच्या बोटांनी पार पुसून टाकलाय.