ग्लायडरमधील पॅराशूट आणि वजनमर्यादा

पुणे-सोलापूर मार्गावरील हडपसर हे गाव तेथील ग्लायडिंग केंद्रामुळे बिनइंजिनाच्या उड्डाणाचे महाराष्ट्रातील परिचित स्थान झाले. अशा उड्डाणात वैमानिकाने पाठीवर पॅराशूट बांधावे काय, हा प्रश्न सुरक्षिततेचा वाटतो. वस्तुतः तो स्थितिशास्त्राचाही आहे.

आपत्कालीन पॅराशूटचे वजन साधारणतः 6 ते 8 किलो असते. 'एएसके-21' या जर्मन बनावटीच्या दोन आसनी ग्लायडरचे रिक्त वजन सुमारे 360 किलो व कमाल वजन 600 किलो आहे. प्रत्येक आसनावरील कमाल भार मात्र 110 किलो असून त्यात पॅराशूटही धरलेले आहे. म्हणजेच 105 किलोच्या व्यक्तीने 8 किलोचे पॅराशूट बांधताच आसनाची मर्यादा ओलांडली जाते. एकूण वजन 600 किलोच्या आत आहे, हे समर्थन येथे निरुपयोगी ठरते. कारण उचल पंखांवर निर्माण होते, तर माणसांचा भार धडात असतो व तो पंखांच्या मुळाशी वाकवणारा ताण वाढवतो. स्पर्धेच्या ग्लायडरमध्ये पंखांतच पाणी भरून वजन वाढवता येते, ते याच कारणामुळे.

कमी वजनाच्या विद्यार्थ्याबाबत गणित नेमके उलटे होते. याच ग्लायडरच्या पुढील आसनावर किमान 70 किलो भार आवश्यक आहे. भार कमी पडल्यास गुरुत्वमध्य मागे सरकतो, ग्लायडर अस्थिर होते व गिरकीतून बाहेर काढणे कठीण जाते. 55 किलोच्या विद्यार्थिनीस पॅराशूटमुळे 63 किलोपर्यंत पोहोचता येते. उरलेली तूट ठरलेल्या जागी पक्क्या बसवलेल्या शिशाने भरावी लागते. सैल ठेवलेली वाळूची पिशवी हा त्यास पर्याय नव्हे. 1961 मध्ये प्रथम उडालेल्या 'रोहिणी' या भारतीय ग्लायडरमध्ये दोघेही शेजारी-शेजारी बसत. एकामागे एक आसने असलेल्या ग्लायडरमध्ये पुढच्या व मागच्या भाराचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो.

विंचने उड्डाण करताना दोर तुटल्यास उंची इतकी कमी असते की पॅराशूटचा उपयोग जवळजवळ नसतो. त्याची खरी गरज उष्ण हवेच्या एकाच स्तंभात अनेक ग्लायडर घिरट्या घालत असताना, टक्कर झाल्यास, भासते. म्हणून मर्यादा ओलांडली जात असेल तर पॅराशूट उतरवून ठेवणे हा उपाय योग्य म्हणता येत नाही. त्या व्यक्तीसाठी अधिक आसनभार पेलणारे ग्लायडर निवडणे इष्ट. वैमानिकाचे वजनही पॅराशूट, बूट व पाण्याची बाटली यांसहच करावे. सांगीवांगी वजन बहुधा काही किलोंनी कमीच असते.