एमआयएस भरलं, पण वाचलं का?

महिनाअखेर आली की गटागटांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "ताई, एमआयएस भरलं का?" भरलं की सगळ्या सुटल्या. भरलेलं वाचलं का, हे मात्र कुणी विचारत नाही. आज त्याबद्दलच बोलू.

आमच्याकडे तालुक्याच्या कॉलेजातल्या बी.कॉम.च्या मुली कामाचा अनुभव घ्यायला येतात. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद त्यांना छान येतं. नावे-जमा तर त्याच आम्हाला शिकवतील. पण एमआयएस म्हणजे मोबाईलमधले रकाने, एवढीच त्यांची समजूत असते. म्हणून पहिले दोन दिवस आम्ही त्यांना मोबाईल उघडूच देत नाही. गटाच्या बैठकीत नेऊन बसवतो.

एमआयएस म्हणजे व्यवस्थापन माहिती प्रणाली. नाव जड, काम साधं. किराण्याची पावती सांगते की किती तेल आणलं आणि किती पैसे गेले. हा झाला हिशेब. पण डब्यातलं तेल आठ दिवस पुरेल आणि पगार पंधरा दिवसांनी आहे, हे वेळेवर कळणं म्हणजे माहिती. हिशेब झालेलं सांगतो, माहिती पुढं काय करायचं ते सांगते.

आपल्या गटाची पंचसूत्री आठवा: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब लेखन. मासिक अहवालातले बरेचसे आकडे या पाच गोष्टींचेच असतात. बँकही गटाला कर्ज देताना हेच पाहते. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्या वह्या हीच आपली पत झाली आहे.

मुलींना आम्ही दोन गणितं घालतो. पहिलं असं. एका ताईंवर ५,००० रुपये कर्ज आहे, व्याज महिना शेकडा २ रुपये. त्यांनी ६०० रुपये भरले. त्यात व्याज १०० आणि मुद्दल ५००. उरलं ४,५००. आता लिहिणारीनं सगळे ६०० मुद्दलात टाकले, तर? रोख शिल्लक जुळते, बेरीज बरोबर येते. पण कर्ज ४,४०० दिसतं, पुढचं व्याज ९० ऐवजी ८८ निघतं आणि गटाचं १०० रुपयांचं उत्पन्न कागदावरून गायब होतं. बेरीज जुळली म्हणजे माहिती खरी, असं नाही.

दुसरं गणित. दहा जणींचा प्रत्येकी १,००० रुपये हप्ता. येणं १०,०००, आले ९,०००. वसुली ९० टक्के. मुली म्हणतात, "छान आहे की!" मग आम्ही विचारतो, दहाही जणींनी ९०० भरले, की नऊ जणींनी पूर्ण भरले आणि एकीनं काहीच नाही? टक्का तोच, पण गोष्ट वेगळी.

हे गणित आम्ही पुस्तकातून घेतलेलं नाही. आमच्याच एका गटाचा अहवाल तीन महिने ९० टक्के जात होता. आम्ही आकडा भरत होतो, वर पाठवत होतो. सरावाला आलेल्या एका मुलीनं हजेरी आणि परतफेड शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, तिन्ही महिने एकाच काकूंचा हप्ता नाही, आणि बैठकीलाही त्या नाहीत."

घरी गेलो तेव्हा कळलं, नवरा अपघातानं अंथरुणाला खिळलेला. काकूंनी सावकाराकडून पैसे उचललेले आणि लाजेपोटी बैठकीला येणं सोडलेलं. पहिल्याच महिन्यात वाचलं असतं तर सावकाराचं दार टळलं असतं. चूक आमची होती. पुढच्या बैठकीत गटानं त्यांचा हप्ता ५०० केला आणि मुदत वाढवली. आता त्या भरतात, बैठकीलाही येतात. कुठं जायचं ते अहवालानं सांगितलं, का ते मात्र उंबऱ्यावरच कळलं.

म्हणून मुलींना आणि तुम्हालाही चार गोष्टी सांगतो. नोंद बैठकीतच, सगळ्यांसमोर वहीत करा, मोबाईलमध्ये नंतर. लिहिणारी एक आणि तपासणारी दुसरी असू द्या. दर महिन्याला बँकेचं पासबुक रोजकीर्दीशी जुळवा. आणि कुणाचाही आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा ओटीपी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. माहिती गटाची असली तरी ती कुणा एकीच्या घरची असते.

येत्या बैठकीत अहवाल पाठवण्याआधी तो मोठ्यानं वाचा आणि एकच प्रश्न विचारा, या आकड्यांत आपली कोण अडचणीत आहे? उत्तर मिळालं की एमआयएस खरं भरलं म्हणायचं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!