हरवलेल्या दांड्याचा माग

मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव हे कोशाच्या कापडाचं गाव. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीचा कोश, त्यातून निघणारं सोनेरी झाकेचं सूत आणि हातमागावर उतरणारी साडी, ही ओळख विदर्भाला नव्यानं सांगायला नको. याच रानकोशाचा एक जुना उपयोग मात्र फार थोड्यांच्या कानावर आला असेल. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स यांनी दख्खनमधल्या रानरेशमाविषयी लिहिताना नोंदवलं, की इथले लोक कोश गोल गोल कापत जाऊन त्याची अखंड पट्टी काढतात आणि त्या चिवट पट्टीनं तोड्याच्या बंदुकीची नळी लाकडी दस्त्याला बांधतात.

लाकडाला धातू घट्ट बांधण्याची ही गरज बंदुकीच्या कितीतरी आधीची आहे. तेव्हा धातूच्या जागी दगड होता. दगडाच्या पात्याला लाकडाची मूठ किंवा दांडा जोडायची कल्पना ज्याला सुचली, त्यानं दोन वेगळ्या वस्तूंपासून तिसरीच वस्तू घडवली. माझ्या मते चाकापेक्षाही हा शोध मोठा आहे, कारण तो पृथ्वीवर जवळजवळ सगळीकडे पोचला. अडचण एकच. लाकूड कुजलं, वादी कुजली, राळ झिजून गेली. उरला तो दगड. संग्रहालयाच्या काचेमागे आपण जे पाहतो ते अर्धंच हत्यार असतं. उरलेलं अर्धं शोधून काढणं, आणि ते हत्यार नेमकं कशासाठी वापरलं हे सांगणं, हे आता पुरातत्त्वातलं एक स्वतंत्र शास्त्र झालं आहे.

आधी दांड्यानं काय साधतं ते पाहू. चंद्रपूरजवळच्या पापामियाँ टेकडीवर पुराश्मयुगातल्या हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. नावात कुऱ्हाड असली तरी तिला दांडा नाही; ती मुठीत धरायची. घाव बसतो तो कोपरापासूनच्या ताकदीचा, आणि प्रत्येक हादरा तळहाताला परत मिळतो. हाताच्या दोन हात पुढे लाकूड गेलं की तीच ताकद कितीतरी वेगानं पात्यापर्यंत जाते. शिवाय पातं मोडलं तर तेवढंच बदलता येतं. चांगला दांडा तासायला पातं घडवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून जपायचा तो दांडा. पातं टाकून दिलं तरी चालतं. उत्खननात दगडी पाती ढिगानं का सापडतात याचं एक कारण हेही आहे.

लोखंडाच्या कुऱ्हाडीला लोहार नेढं ठेवतो, त्यात दांडा जातो, वरून पाचर मारली की काम झालं. पावसाळ्यानंतर दांडा हलू लागला तर कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगतं आणि गच्च बसतं. दगडाला असं नेढं पाडणं महाकष्टाचं, आणि पाडलं तरी घावासरशी दगड तिथंच फुटायची भीती. म्हणून दगडाच्या बाबतीत कारागिराला उलटा विचार करावा लागला. दगड लाकडात घुसवायचा, लाकडाच्या फटीत अडकवायचा, खोबणीत राळेनं डकवायचा किंवा वादीनं आवळायचा. या साऱ्याला लागणारा माल भंडारा-गोंदियाच्या रानात आजही आहे: पळसावर आणि कुसुमावर येणारी लाख, धावड्याचा डिंक, सालईची राळ, पळसाच्या मुळांच्या सालीचा दोर. ओली कातडी वादी बांधली तर ती वाळताना आपोआप आवळत जाते, हेही रानात राहणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

महाराष्ट्रात या विद्येचा पुरावा सगळ्यात ठळक दिसतो तो सूक्ष्मास्त्रांत, म्हणजे दगडाच्या बारीक पात्यांत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथं एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केलं. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी तिथं सापडले, त्या कवचाचं वय सुमारे २५,००० वर्षं निघालं, आणि पाटणे जगाच्या नकाशावर गेलं. मण्यांच्या कौतुकात तिथल्या बारीक पात्यांकडे मात्र सामान्य वाचकाचं लक्ष कमी गेलं. पुढे ताम्रपाषाणयुगात, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात, घोड नदीकाठच्या इनामगावात शेतकरी राहत होते. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात ते गाव उकरून काढलं. तांबं त्यांना माहीत होतं, पण ते दुर्मीळ आणि महाग. रोजचं कापणं, सोलणं, खरवडणं चाले ते कॅल्सेडनीच्या पात्यांवर.

असं एक पातं जवळून पाहा. बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेली दुधट कॅल्सेडनी, लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी, जाडी नखाला थोडी अधिक. एक कड इतकी धारदार की बोट सहज कापेल. दुसरी कड मात्र मुद्दाम बोथट केलेली. तिच्यावरून टिचक्या उडवून उडवून पाठ जाड ठेवलेली. हातात धरताना बोट कापू नये म्हणून हे केलं, असं पटकन वाटतं. पण पातं इतकं लहान आहे की ते बोटांनी धरून जोर लावताच येत नाही. बोथट पाठ आहे ती खोबणीत बसण्यासाठी: लाख किंवा राळ त्या खडबडीत कडेला धरते, आणि धारदार कड लाकूड चिरत नाही. हाडाच्या किंवा लाकडाच्या खाचेत अशी चार-पाच पाती एकापुढे एक बसवली की विळा होतो. चंद्रकोरीसारखे तुकडे बाणाच्या टोकाला आणि बाजूला लावले की काटेरी बाण होतो.

पण हे झालं तर्कानं. पुरावा कुठं आहे?

पुरावा दगडाच्या पृष्ठभागावर आहे, आणि तो वाचायला शिकवलं रशियाच्या सर्गेई सेम्योनोव्ह यांनी. १९५७ साली त्यांचा ग्रंथ आला, १९६४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. हत्यार वापरलं की त्याच्या धारेवर ओरखडे, टवके आणि चकाकी राहते, ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, हा त्यांचा मार्ग. त्यांचं एक निरीक्षण आपल्याकडच्या सुताराला लगेच पटेल. कुऱ्हाड तिरकी पडते, म्हणून तिच्या दोन्ही अंगांवरचे ओरखडे तिरपे असतात. वाकस समोरून अंगाकडे ओढत चालतो, म्हणून त्याच्यावरचे ओरखडे धारेला काटकोनात, आणि मुख्यतः एकाच अंगावर. घासून गुळगुळीत केलेल्या दगडी पात्याचा दांडा हजारो वर्षांपूर्वी कुजला असला, तरी तो पात्याला समांतर होता की आडवा, हे त्या ओरखड्यांवरून कळतं. अशा पात्यांची धार लखलखीत घासलेली आणि मागचा भाग पुष्कळदा खडबडीत सोडलेला दिसतो. तो आळस नाही. खडबडीत भाग दांड्यात चांगला बसतो.

पुढे अमेरिकेतले लॉरेन्स कीली यांनी जास्त शक्तीचा सूक्ष्मदर्शक लावला. लाकूड, हाड, कातडं, मांस, गवत यांपैकी प्रत्येकाची चकाकी वेगळी दिसते असा त्यांचा दावा होता. १९७७ मध्ये त्याची परीक्षाही झाली. मार्क न्यूकमर यांनी हत्यारं बनवून वापरली, आणि कशासाठी ते न सांगता कीलींच्या हाती दिली. कुठला भाग वापरला हे कीलींनी बहुतेक वेळा अचूक सांगितलं. कोणत्या पदार्थावर वापरला हे सांगताना चुका वाढल्या. मला ही परीक्षा फार मोलाची वाटते. आपलं शास्त्र कुठवर पोचतं आणि कुठं अडखळतं, हे तिनं उघडपणे मांडलं.

मुठीच्या खुणांचा वेगळा अभ्यास मात्र बेल्जियममधल्या व्हेर्ले रोट्स यांचा. दगडावरच्या मुठीच्या आणि दांड्याच्या खुणांवर त्यांचा ग्रंथ २०१० मध्ये निघाला. त्यांनी पाती घडवली, वेगवेगळ्या पद्धतींनी बसवली, लाकूड-कातडी-मातीवर वापरली, मग दांडे काढून त्याखालचा दगड तपासला. काम करताना पातं दांड्यात किंचित हलत असतं. त्या हालचालीनं दांड्याखालच्या कडेवर बारीक टवके उडतात. एखादा टवका आतच अडकून घासला गेला तर तिथं चकाकता ठिपका उमटतो. वादीनं बांधलं असेल तर कडेवर वादीच्या दाबाचे चंद्राकृती टवके दिसतात. राळेनं डकवलं असेल तर पातं हलत नाही, त्यामुळे खुणा कमी. पण पातं काढताना राळ फुटते आणि तिचे कण दगडावर रगडले जातात. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे सीमारेषा: पात्याच्या एका ठरावीक जागेपर्यंत एका प्रकारची झीज आणि तिथून पुढे एकदम वेगळी. दांडा तिथं संपत होता.

आता यातले सापळे. धान किंवा गवत कापलं की त्यातल्या सिलिकामुळे दगडाच्या धारेवर काचेसारखी लकाकी चढते. पूर्वी अशी लकाकी दिसली की 'शेती होती' असा निष्कर्ष ठोकून द्यायचे. पण बांबूतही सिलिका भरपूर असते. भंडाऱ्यासारख्या मुलखात, जिथं धानाच्या बांध्या आणि बांबूची बेटं एकमेकांना लागून आहेत, तिथं या दोन खुणांत गल्लत करणं म्हणजे बुरुडाच्या हत्याराला शेतकऱ्याचा विळा म्हणणं. दुसरा सापळा टोक मोडण्याचा. भाल्याचं टोक हाडावर आदळलं की लांबट, विशिष्ट चिरा पडतात. पण मातीत पडलेल्या पात्यावरून गुरं चालत गेली तरी काही वेळा तसेच टवके उडतात. म्हणून आता एका पात्यावर निर्णय देत नाहीत. अनेक पाती, अनेक खुणा आणि प्रयोग यांचा मेळ बसला तरच बोलतात.

हसमुख सांकलिया यांनी १९६४ मध्ये अश्मयुगीन हत्यारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच तंत्र आणि नाव यांच्यासोबत 'संभाव्य उपयोग' असे शब्द घातले होते. 'संभाव्य' हा शब्द प्रत्येक संग्रहालयानं आपल्या फलकांवर घ्यावा असं मला मनापासून वाटतं. दिसलं टोक की लिहा 'बाणाग्र', ही सवय अजून सुटलेली नाही. टोकदार दगड सुरीही असेल, कातड्याला भोक पाडायची आरीही असेल. आणि वापरणारा हात पुरुषाचाच होता हेही गृहीत धरू नये. इथिओपियातल्या कोन्सो समाजात कातडं कमावण्याचं काम स्त्रिया करत आल्या आहेत. दगड घडवून लाकडी मुठीत बसवायची कला त्यांच्याच हातात आहे.

कधी कधी मूठ टिकतेही. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. त्याच्याजवळ ॲश नावाच्या झाडाच्या लाकडी मुठीची गारगोटीची सुरी होती, आणि तांब्याची कुऱ्हाड बर्चच्या डांबरानं चिकटवून वर कातडी पट्ट्यांनी आवळलेली होती. बलुचिस्तानातल्या मेहरगढला डांबरात तिरकी बसवलेली विळ्याची पाती मिळाली, त्यामुळे लकाकीची रेघ पात्यावर तिरपी का पडते याचा उलगडा झाला. आपल्याकडे बर्फ नाही, पण चित्रं आहेत. मराठी मातृभाषा असलेल्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये भीमबेटका उजेडात आणलं. तिथल्या शिकारीच्या चित्रांत भाल्याबाणांना बाजूनं काटे काढलेले आहेत. दगडाची बारीक पाती कशी बसवत असतील याचं उत्तर त्या काळच्या माणसानं स्वतःच रंगवून ठेवलं आहे.

विदर्भात ही कहाणी धातूच्या युगातही थांबत नाही, आणि हा भाग मला सर्वांत जवळचा आहे. नागपूर परिसरातल्या माहुरझरी, नैकुंड, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या. भंडारा जिल्ह्यातही पिंपळगाव आणि तिल्लोता खैरी इथल्या महापाषाणीय अवशेषांची नोंद आहे. या कुऱ्हाडींना नेढं नाही. चपटं पातं आणि त्यावर लोखंडाच्या आडव्या पट्ट्या, दांड्याला आवळून धरण्यासाठी. लोखंड ठोकून हवा तो आकार देता येत असतानाही लोहारानं बांधायचीच रीत ठेवली. वादीची जागा फक्त लोखंडी पट्टीनं घेतली. दगडाला दांडा बांधायची हजारो वर्षांची सवय मला त्या पट्ट्यांत दिसते.

वैनगंगेच्याच वरच्या अंगाला, बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाला, १८७० मध्ये तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे एकत्र सापडले. तांब्यातली बरीचशी पाती कुऱ्हाडीच्या आकाराची. ती खरोखर दांड्याला लावून वापरली, की धन म्हणून पुरून ठेवली? याचं उत्तर धारेच्या झिजेत आणि मागच्या टोकावरच्या घासल्याच्या खुणांतच शोधावं लागतं.

या सगळ्याचा आंधळगावच्या आणि आसपासच्या वाचकाशी थेट संबंध आहे. नांगरताना, विहीर किंवा बोडी खोदताना, नाल्याच्या दरडीत असा घडवलेला दगड कधीही हाती लागू शकतो. तो धुऊ नका; मुळाशी दिसणारा काळसर डाग चिखल नसून राळेचा कण असू शकतो, आणि तो ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत जातो. तेल लावू नका, घासू नका, इतर दगडांबरोबर एका पिशवीत टाकू नका, कारण एकमेकांवर आपटून उडालेले ताजे टवके जुन्या खुणांना खोटं पाडतात. शक्य तर तो जागेवरच राहू द्या, शेजारी एखादं नाणं ठेवून फोटो काढा, गट नंबर आणि किती खोलीवर मिळाला ते लिहून ठेवा आणि कळवा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची प्रागैतिहास शाखा आपल्या नागपुरातच आहे. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे.