सांदवाडीत उतरलेलं कावळ्याचं पिल्लू

मृगाच्या सुमारास, पऱ्हे टाकायच्या धांदलीत, कोंढ्याच्या सांदवाडीत कावळ्याचं पिल्लू जमिनीवर उड्या मारताना दिसतं. अंगभर पिसं, शेपूट आखूड, चोच उघडली की आत लाल. ते आजारी नसतं, उडायला शिकत असतं. आईबाप झाडावरून नजर ठेवतात, खाली येऊन भरवतात. दया येऊन ते घरात नेलं, की भरवणारेच तुटतात अन् पिल्लू मरतं.

चार-आठ दिवस कुत्रं बांधावं, मांजर कोंडावं, पाण्याचा हौद झाकावा. पिल्लू वाटेत बसलं असेल तर कापडानं धरून जवळच्या झुडपावर ठेवावं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा समज खोटा आहे. दूध पाजू नये. चोचीत पाणीही ओतू नये, श्वासनळीत जातं.

कावळे डोक्यावर टोचा मारतील. टोपली डोक्यावर घेऊन जा, पण गोटे मारू नका. कावळा धान खातो हे खरं; नांगरामागं फिरून हुमणी टिपतो तोही हाच. पिल्लू ठिपकेदार निघालं तर ते कोकिळेचं असू शकतं. त्यालाही कावळेच पोसतात, तेव्हा तजवीज तीच.