अल्टरनेटरचे अँपिअर आणि बॅटरी जळण्याची भीती

महिंद्राच्या जुन्या जीपवर किंवा 1965 पासून भारतात बनू लागलेल्या एफसी-150 सारख्या पिकअपवर मूळचा डायनामो काढून 65 अँपिअरचा अल्टरनेटर बसवण्याचा विषय निघाला, की उल्हासनगरच्या कॅम्पांपासून बदलापूरपर्यंत मालकाला एक इशारा हमखास ऐकवला जातो : एवढे अँपिअर गाडीत सोडले तर बॅटरी उकळेल आणि वायरिंग जळेल. या भीतीपोटी मालक 35 अँपिअरवर समाधान मानतो, आणि भर पावसात कल्याण-बदलापूर रस्त्याच्या कोंडीत हेडलाइट व वायपर चालू ठेवून गाडी रांगू लागली व दिवे पिवळे पडले, की खापर बॅटरीच्या माथी फोडतो.

अल्टरनेटरवर छापलेला आकडा ही त्याची कमाल क्षमता असते. तेवढा प्रवाह तो सतत गाडीत ढकलत नाही. रेग्युलेटर, म्हणजे अल्टरनेटरच्या फिरत्या चुंबकाचा प्रवाह कमी-जास्त करणारा भाग, व्होल्टेज साधारण 14 ते 14.5 च्या दरम्यान धरून ठेवतो, आणि त्या व्होल्टेजला दिवे, वायपर, इग्निशन कॉइल व बॅटरी जेवढा प्रवाह ओढतील तेवढाच वाहतो. दोन हेडलाइट, मागचे दिवे, वायपर आणि कॉइल मिळून सुमारे 250 वॅट, म्हणजे जवळपास 18 अँपिअर लागत असतील, तर 35 चा अल्टरनेटर असो वा 65 चा, या उपकरणांना 18 अँपिअरच मिळतात. चौकात महावितरणने 200 केव्हीएचे रोहित्र बसवले म्हणून घरातला 9 वॅटचा दिवा फुटत नाही, हे ज्याला पटते त्याला हेही पटायला हरकत नसावी. बॅटरी उकळते ती रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज बराच काळ 15 च्या वर राहिले म्हणून, आणि तो बिघाड लहान अल्टरनेटरलाही चुकत नाही.

मोठ्या क्षमतेचा खरा उपयोग कोंडीतच होतो. आयएसओ 8854 या मानकानुसार अल्टरनेटरचा छापील प्रवाह त्याच्या स्वतःच्या मिनिटाला 6000 फेऱ्यांच्या वेगाला मोजलेला असतो. इंजिन आयडलला असताना त्याच्या निम्म्याहूनही कमी प्रवाह हाती येतो. साहजिकच 35 अँपिअरच्या अल्टरनेटरला तिथे 18 अँपिअर पुरवणे जमत नाही, उरलेला भार बॅटरीवर पडतो आणि व्होल्टेज उतरते. हेडलाइटच्या टंगस्टन तारेचा प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे 3.4 व्या घाताने बदलत असल्यामुळे 13.5 ऐवजी 12 व्होल्ट मिळाले, की उजेड एक तृतीयांशाने घटतो. (डायनामोची अवस्था याहूनही बिकट, आयडलला तो जवळजवळ काहीच देत नाही.)

या भीतीचे मूळ डायनामोच्या काळात आहे. डायनामोला स्वतःचा प्रवाह आवरता येत नाही. जास्त भार पडला तर तो स्वतःच जळतो. म्हणून त्याच्या कट-आउटच्या डब्यात उलटा प्रवाह तोडणारी, व्होल्टेज सांभाळणारी आणि प्रवाहाला मर्यादा घालणारी अशा तीन वेगवेगळ्या कॉइल असत. अल्टरनेटरमध्ये पहिले काम डायोड करतात, आणि स्टेटरच्या गुंडाळ्यांचा स्वतःचा अवरोध वेगाबरोबर वाढत जात असल्यामुळे प्रवाहाची मर्यादा आपोआप पाळली जाते. तरीही जुना डबा सर्किटमध्ये तसाच ठेवून नवा अल्टरनेटर जोडला जातो, आणि मग जे काही बिघडते त्याचे पाप अँपिअरच्या माथी मारले जाते, हे चीड आणणारेच आहे.

वायरिंगबद्दलची भीती मात्र सर्वस्वी खोटी नाही. बॅटरी पार उतरलेली असताना गाडी धक्का मारून सुरू केली, तर पहिली काही मिनिटे चार्जिंगच्या वायरमधून 50 अँपिअरही वाहू शकतात. ती वायर 2.5 चौरस मिलिमीटरची आणि 3 मीटर लांब असेल, तर तिच्यात सुमारे 1 व्होल्ट गळतो आणि 50 वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते. जुने, तडकलेले आवरण ती सोसत नाही. 16 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये हीच गळती 0.16 व्होल्टवर येते. म्हणून अल्टरनेटरच्या बी-प्लस टोकापासून बॅटरीपर्यंत नवी जाड वायर टाकणे, बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज लावणे, इंजिन ते चासीची अर्थ-पट्टी गंज खरवडून बदलणे आणि सगळा प्रवाह स्वतःतून नेणारा डॅशबोर्डवरचा जुना अँपिअरमीटर वगळून व्होल्टमीटर बसवणे, ही कामे अल्टरनेटरच्या किमतीइतकीच हिशेबात धरावी लागतात. काम झाल्यावर सर्व दिवे लावून, इंजिन वेगात ठेवून, मल्टिमीटरचे एक टोक बी-प्लसवर व दुसरे बॅटरीच्या प्लसवर टेकवले असता 0.3 व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर एखादा जोड कच्चा राहिला आहे असे समजावे.

मोठा अल्टरनेटर डिझेल पितो, हे वीज तेवढीच ओढली जात असेल तर खरे नाही. आरटीओ पासिंगला गाडी अडकते, हेही निराधार आहे : मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल रोखते, आणि अल्टरनेटरची नोंद त्या प्रमाणपत्रात नसते. प्लस अर्थ असलेल्या फार जुन्या गाडीवर अल्टरनेटर तसाच जोडता येतो, हा समज डायोड जाळतो. आधी गाडी मायनस अर्थ करून घ्यावी लागते.

चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासण्याची युक्ती मात्र सर्वांत घातक आहे, कारण प्रवाह अचानक तुटल्यावर उसळणारे व्होल्टेज सामावून घ्यायला बॅटरी उरत नाही. आयएसओ 16750-2 हे मानक 12 व्होल्टच्या गाडीसाठी अशी उसळी 79 ते 101 व्होल्ट धरते, आणि ज्या अल्टरनेटरची परीक्षा चालली आहे त्याचेच डायोड व रेग्युलेटर तिला पहिले बळी पडतात.