जुन्या सीडीतला आवाज घरच्या संगणकावर कसा काढावा?

आपल्या बऱ्याच घरांत कपाटाच्या वरच्या खणात एक डबा असतो. त्यात मेहंदीच्या रात्रीची सीडी असते, लग्नाची डीव्हीडी असते, भारतातून आलेला एखादा पेन ड्राइव्ह असतो. त्यातल्या चित्रांपेक्षाही मोलाचा असतो तो आवाज. आजीने मेहंदीला म्हटलेली मराठी गाणी, मलिद्याच्या वेळी सगळ्यांनी मिळून म्हटलेलं एलियाहू हन्नाबीचं गीत, एखाद्या नानांच्या तोंडचं कीर्तन. ही मराठी कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

हा आवाज संगणकावर काढायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं वर्गात पुष्कळ जण विचारतात. त्याचं उत्तर सॉफ्टवेअरच्या नावापासून सुरू होत नाही. आधी आपल्या हातात काय आहे ते ओळखावं लागतं.

हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. माझ्या आत्याच्या गाण्यांची एक सीडी होती. मी ती संगणकात घातली, दिसलेल्या बारा फाइली ओढून पेन ड्राइव्हवर टाकल्या आणि काम झालं असं समजलो. सीडी पुढे घर बदलताना हरवली. नंतर पेन ड्राइव्ह उघडला तर आवाज नाही. त्या फाइलींच्या नावाच्या शेवटी ‘सीडीए’ अशी अक्षरं होती. अशी फाइल फक्त ४४ बाइटची असते. गाणं सीडीवर कुठे आहे, एवढंच ती सांगते. गाणं तिच्यात नसतं. आत्या तोवर राहिली नव्हती.

गाण्यांची सीडी

अशा सीडीवरून गाणी ‘रिप’ करावी लागतात. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये ही सोय आहे. मॅकवर ‘म्युझिक’मध्ये ‘इम्पोर्ट’ असतं. सीडीवर ओरखडे असतील तर विंडोजसाठी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ घ्यावं. ते नीट न वाचलेली जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहतं. नव्या संगणकाला सीडीची जागा नसली तर यूएसबीने जोडायचा ड्राइव्ह मिळतो.

डीव्हीडी किंवा व्हिडिओ

इथे चित्र सोडून फक्त आवाज घ्यायचा असतो. वडीलधाऱ्यांना ‘व्हीएलसी’ सोपं पडेल. त्यात ‘मीडिया’ या यादीत ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ असतं; तिथे फाइल द्यायची आणि एमपीथ्री निवडायचं. मुलांनी मात्र ‘एफएफएमपेग’ शिकून घ्यावं. त्यात बटणं नसतात, आज्ञा टाइप करावी लागते. पण चित्र टाकून दे आणि आवाज आहे तसाच उतरव, असं त्याला सांगता येतं. आवाज नव्याने दाबला जात नाही, त्यामुळे त्यातलं काही गळत नाही.

बांधून आलेली फाइल

नातेवाईक अनेक फाइली एकत्र बांधून पाठवतात. नावाच्या शेवटी ‘झिप’ असेल तर विंडोज आणि मॅक दोन्ही ती स्वतःच उघडतात. ‘आरएआर’ असेल तर विंडोजवर ‘सेव्हन-झिप’ पुरे. १९९९ सालापासून ते फुकट मिळतं. मॅकवर ‘द अनआर्कायव्हर’ चालतं. उघडल्यावर मराठी किंवा हिब्रू नावांच्या जागी विचित्र चिन्हं दिसली तर घाबरू नका. बहुतेक वेळा फक्त नाव बिघडलेलं असतं, आतला आवाज शाबूत असतो.

निवडताना काय पाहावं?

१. वर सांगितलेली सगळी सॉफ्टवेअर घरच्या वापरासाठी फुकट आहेत. त्यांच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर आपण चुकीच्या जागी आलो आहोत.

२. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवावं. जाहिरातीतलं मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण दाबू नये.

३. ‘इथे फाइल टाका, आवाज काढून देतो’ म्हणणाऱ्या साइटवर घरची फाइल परक्या संगणकावर जाते. घरच्यांचे आवाज असे देऊ नयेत.

४. मूळ प्रत डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी या प्रकारात ठेवावी. सीडीच्या दर्जाचा तासभराचा आवाज डब्ल्यूएव्हीत सुमारे ६०० एमबी जागा घेतो. एफएलएसी कमी जागा घेतं आणि आवाज तोच राहतो. फोनवर पाठवायला एमपीथ्री करावी. १२८ केबीपीएसवर ती तासाला सुमारे ६० एमबी होते. खरखर कमी करायची असेल तर ‘ऑडॅसिटी’ वापरावं, पण मूळ प्रतीवर नाही, तिच्या नकलेवर.

आधी एकच फाइल काढून पाहा. सीडी बाहेर काढा, फाइल दुसऱ्या संगणकावर लावा आणि शेवटपर्यंत ऐका. मगच पुढची घ्या. सगळ्या फाइली दोन वेगळ्या जागी ठेवा आणि सीडी तरीही टाकू नका. हे काम शुक्रवारी दुपारी काढू नका. शब्बाथ लागेपर्यंत उरकणार नाही.

पुढच्या वर्गासाठी

घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाबरोबर बसून एकच आवाज काढा. मुलांनी संगणक चालवावा. वडीलधाऱ्यांनी गाणारं कोण, गाव कोणतं, साल कोणतं आणि अवघड शब्दाचा अर्थ काय ते सांगावं. ते मराठीत लिहून फाइलीशेजारी ठेवा. आवाज सॉफ्टवेअर काढून देईल, पण तो कोणाचा हे सांगणारं माणूस आज शेजारी बसलं आहे. त्याला आजच विचारा.