गोचिडाची लस: टोचल्यावर गोचीड गळत नाहीत, तरी ती काम करते

पावसाळा सुरू झाला की गाईच्या कानात, कासेवर, शेपटीखाली गोचिडांची रांग लागते आणि गोठ्यात एक प्रश्न हमखास निघतो: लाळ्या-खुरकुताची लस आहे, लम्पीची टोचून झाली, मग गोचिडांची का नाही? खरं तर गोचिडाची लस निघून तीस वर्षं उलटली. क्युबात १९९३ साली ‘गॅव्हॅक’ आली, १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘टिकगार्ड’. तरीही आपल्याकडे तिच्याबद्दल जे बोललं जातं त्यातलं बरंचसं चुकीचं आहे.

‘लस टोचली की गोचीड पटापट गळणार’

असं होत नाही. फवारा मारून दुसऱ्या दिवशी अंग साफ झालेलं पाहायची सवय असलेल्याची इथेच निराशा होते.

गोचिडाच्या आतड्याच्या पेशींवर बीएम८६ नावाचं एक प्रथिन असतं. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत पीटर विलाडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९८०च्या दशकात वेगळं काढलं. लसीतून हे प्रथिन गाईला टोचलं की तिच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. गोचीड रक्त पितो तेव्हा तीही त्याच्या पोटात जातात आणि आतड्याच्या पेशी फोडू लागतात. रक्त पिऊन टम्म झालेली धडधाकट मादी एरंडाच्या बीसारखी दिसते, निळसर राखाडी. लस दिलेल्या गाईवरच्या काही माद्या मात्र लालसर दिसतात, कारण फुटलेल्या आतड्यातून रक्त त्यांच्या अंगात पाझरलेलं असतं. अशा काही मरतात. बाकीच्या जगतात, पण हलक्या भरतात आणि अंडी कमी घालतात.

लसीचा खरा फायदा या कमी अंड्यांतच आहे. एरवी एक मादी जमिनीवर पडून भिंतीच्या भेगेत, गव्हाणीखाली दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणजे लसीचा हिशेब आज अंगावर असलेल्या गोचिडांचा नाही, पुढच्या पिढ्यांचा आहे. एकट्या गाईला टोचून शेजारची चार तशीच ठेवली, तर हा हिशेब कधीच जुळणार नाही.

टिकगार्ड पुढे बाजारातून गेली, त्याचं कारणही यातच सापडतं. मोठमोठ्या कुरणांवर पांगलेली गुरं बूस्टरसाठी पुन्हा पुन्हा गोळा करायची, आणि इतकं करून अंगावर गोचीड दिसतातच. पशुपालकाने औषधाचा डबा परत हातात घेतला. लस फसली असं लोक म्हणतात. माझ्या मते ती समजावून सांगण्यात फसली.

‘गोचीड रोज चावतात, मग बूस्टर कशाला?’

हा गैरसमज सर्वांत हुशार आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. वारंवार गोचीड लागलेल्या गिनीपिगच्या अंगात प्रतिकारशक्ती येते, हे विल्यम ट्रेगर यांनी १९३९ मध्येच दाखवलं होतं. खिल्लार, डांगी किंवा गीर गाईवर गोचीड कमी टिकतात आणि शेजारची होल्स्टीन संकरित गाय त्यांनी भरून जाते, हे तर कोणत्याही गोठ्यात दिसतं.

पण ती प्रतिकारशक्ती गोचिडाच्या लाळेविरुद्ध असते. चावताना लाळ गाईच्या अंगात शिरते, आतडं शिरत नाही. आतड्यातल्या प्रथिनाची गाईच्या शरीराला ओळख होते ती फक्त सुईतून. म्हणून गोचीड कितीही चावले तरी या लसीची ताकद वाढत नाही. काही महिन्यांत ती उतरते आणि पुन्हा टोचावं लागतं. हे लपलेलं प्रथिन निवडण्यामागे विचार होता: ज्याच्याशी गाईचा एरवी कधी सामनाच होत नाही, त्याला चकवण्याची तयारी गोचिडाने केलेली नसणार. बूस्टरचा त्रास ही त्या निवडीची किंमत.

‘गोचीड तापाची लस आहेच की’

आहे, पण ती वेगळी. आपल्याकडे मिळणारी ‘रक्षाव्हॅक-टी’ ही थायलेरियाविरुद्धची लस आहे. थायलेरिया हा गाईच्या रक्तातला एकपेशीय परजीवी; ह्यालोमा जातीचे गोचीड तो पसरवतात. ही लस त्या रोगापासून वाचवते, गोचिडाला तिचं काहीच सोयरसुतक नसतं. लघवी लाल करणारा बबेसिओसिस हाही गोचिडामुळेच होतो, पण त्यावर ती चालत नाही. लम्पीची लसही गोचिडाविरुद्ध काम करत नाही.

‘परदेशातली लस आणायची आणि टोचायची’

बीएम८६ ची लस ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस या गोचिडासाठी बनलेली. आपल्या गोठ्यात तो आहेच, पण सोबत ह्यालोमाही आहे. शिवाय एकाच जातीतही हे प्रथिन ठिकाणागणिक थोडं बदलतं. अर्जेंटिनातल्या काही गोचिडांवर ही लस नीट चालली नाही, तेव्हा तिथल्याच गोचिडातून बीएम९५ हे भावंड शोधावं लागलं. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत भारतीय गोचिडांवर स्वतंत्र काम चालतं, ते यासाठीच. एकापेक्षा जास्त प्रथिनं एकत्र करून अनेक जातींवर चालेल अशी लस शोधणं, ही आता संशोधनाची मुख्य दिशा आहे. भारतात आज गोचिडाविरुद्धची लस विकत मिळत नाही. कोणी विकत असेल तर आधी पशुवैद्यकाला बाटली दाखवा.

‘लस आली की औषधं बंद’

बंद नाही, कमी. क्युबात लस आणि गोचीडनाशक औषध जोडीने वापरलं, आणि औषधाच्या फेऱ्या पुष्कळ घटल्या. आपल्याला तेवढंही पुरे आहे, कारण डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनला दाद न देणारे गोचीड भारतात अनेक ठिकाणी सापडले आहेत. औषध ‘जरा घट्ट’ करून मारल्याने हा प्रश्न सुटत नाही, जनावराला विषबाधा मात्र होते. दुभत्या गाईला मनाने आयव्हरमेक्टिन टोचलं तर ते दुधात उतरतं, हेही लक्षात असू द्या.

लस येईपर्यंत काम गोठ्यातच करायचं आहे. भिंतीच्या भेगा बुजवा, फटींना चुना लावा, नवं जनावर आणलं की गोचीड तपासूनच आत घ्या, आणि औषध बदलायचं ते पशुवैद्यकाला विचारून. संकरित वासरं असतील तर थायलेरियाची लस कधी द्यायची, हे त्याच भेटीत विचारून घ्या.